वायुदूत: छोट्या गावांची सरकारी विमान कंपनी

रानवारा

उडान योजनेचं (छोट्या शहरांना सरकारी मदतीने विमानाने जोडायची योजना) कौतुक आणि उडान योजनेला शिव्या, दोन्ही इथे अधूनमधून वाचायला मिळतं. पण दोन्हीकडची मंडळी असं बोलतात की जणू २०१७ च्या आधी या देशात छोट्या गावात विमान कधी उतरलंच नव्हतं. म्हणून हा धागा काढतोय. विषय: वायुदूत. पन्नाशीच्या पुढच्यांना नाव आठवत असेल, बाकीच्यांसाठी थोडं मागे जातो.

२६ जानेवारी १९८१ ला वायुदूत सुरू झाली. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून काढलेली तिसरी सरकारी कंपनी. मूळ काम ईशान्य भारताचं. नकाशा उघडून सिल्चर आणि गुवाहाटी बघा. सरळ रेषेत अंतर किरकोळ, पण रस्त्याने जायचं तर मेघालयाचे डोंगर चढून उतरायचे, आणि पावसाळ्यात दरड कोसळली की बसा. अरुणाचलात झिरो, पासीघाट, तेझू या ठिकाणी तर त्याहून कठीण. इंडियन एअरलाइन्सकडे तेव्हा बोइंग ७३७ आणि एअरबस ए-३०० येऊन स्थिरावली होती. अशी धुडं आखूड धावपट्टीवर उतरत नाहीत. आणि खासगी कंपनीने यावं म्हटलं तर १९५३ च्या एअर कॉर्पोरेशन्स कायद्याने नियमित प्रवासी सेवा सरकारी कंपन्यांसाठीच राखून ठेवलेली. म्हणजे करायचं तर सरकारनेच.

विमानं कुठून आली? आधी इंडियन एअरलाइन्सची वापरलेली फोकर फ्रेंडशिप. नंतर अॅव्रो. मग १९८३ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने डॉर्निअर २२८ हे १९ आसनी जर्मन विमान परवान्यावर कानपूरला बांधायचा करार केला, आणि वायुदूत त्याचं हक्काचं गिऱ्हाईक झाली. इथे पहिली मेख आहे. कुठल्या मार्गावर किती प्रवासी मिळतील, त्याला किती आसनांचं विमान परवडेल, हा हिशेब कंपनीने करून विमान निवडायचं असतं. इथे कानपूरचा कारखाना चालवायचा, तटरक्षक दलाला विमान हवं, वायुदूतलाही हवं, अशी सगळी गरज एका विमानात कोंबली. विमान वाईट नव्हतं, उलट काटक होतं. पण तीन जातींची विमानं म्हणजे तीन प्रकारचे सुटे भाग, तीन प्रकारचं वैमानिक प्रशिक्षण, आणि ताफा मुळात लहान.

दुसरी मेख विस्ताराची. ईशान्येसाठी काढलेली कंपनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी देशभर शंभराच्या आसपास ठिकाणी जात होती! कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा, एवढ्या ताफ्यात इतकी ठिकाणं म्हणजे एक विमान बिघडलं की दिवसभराची साखळी कोलमडणार. तोटा वाढत गेला. २५ मे १९९३ ला वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तिथे तिचं 'शॉर्ट हॉल ऑपरेशन्स डिपार्टमेंट' असं नामकरण झालं आणि १९९७ पर्यंत तेही गुंडाळलं गेलं.

माझं म्हणणं एवढंच: वायुदूत प्रवासी नव्हते म्हणून बुडाली नाही. गावाला विमान सोडा म्हणणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, आणि दोघांत लेखी करार काही नाही, म्हणून बुडाली.

---

तिरकस

लेख झकास. पण "विमान सोडा म्हणणारा" असं मोघम कशाला? खासदार म्हणा की. अधिवेशनात प्रश्न विचारायचा, "माझ्या मतदारसंघाला वायुदूत कधी?" आणि मंत्र्याने म्हणायचं, "विचाराधीन आहे." पुढच्या वेळापत्रकात गावाचं नाव झळकलं की फटाके.

आता प्रामाणिकपणे सांगा रानवारा, उडानमध्ये याहून वेगळं काय आहे? फीत कापणारे तेच, फटाके तेच.

---

लोडशीट

धागा बघून लॉगिन झालो, बऱ्याच वर्षांनी. हयात विमानतळावरच्या ग्राउंड ड्यूटीत गेली, डॉर्निअरही हाताळलंय. काही गोष्टी पुस्तकात नसतात म्हणून लिहितो.

१९ आसनंच का? वीस झाली की केबिन क्रू ठेवणं नियमाने बंधनकारक. १९ पर्यंत गरज नाही. म्हणजे हवाई सुंदरी नाही, चहा नाही, आणि स्वच्छतागृहही नाही. एका बाजूला एक खुर्ची, दुसऱ्या बाजूला एक, मधून वाकून जायचं. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, त्यामुळे दहा हजार फुटांच्या आसपासच उडायचं. म्हणजे पावसाळी ढगांच्या वरून जायची सोय नाही, ढगांतून नाहीतर बाजूने. पहिल्यांदा बसलेला माणूस उतरताना देवाचं नाव घेत उतरायचा.

वजनाचा हिशेब हा खरा खेळ. मोठ्या विमानात माणसाचं सरासरी वजन धरून चालतं. लहान विमानात सामानाबरोबर माणसालाही काट्यावर उभं करायचं. लोक लाजायचे. एक काकू, बहुतेक लग्नाला निघालेल्या, काट्यावर चढल्यावर मला म्हणाल्या, "मोठ्याने वाचू नका हो, मागे व्याही उभे आहेत." मी आकडा कागदावर लिहिला, कागद दुमडला, आणि मग व्याह्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं कारण विमानाचा तोल मागे जात होता. त्यांना वाटलं मान दिला.

एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते. धावपट्टी आखूड असेल तर वजन उतरवण्यावाचून इलाज नाही. तिकीट काढून आलेल्या दोन माणसांना "तुम्ही उद्या या" सांगायचं काम आमचं. मुंबईच्या ऑफिसला वाटायचं आसनं रिकामी नेतात, म्हणजे मागणी नाही. अहो, माणसं काउंटरवर भांडत होती.

---

आकडेमोड

@लोडशीट, तो व्याह्यांचा किस्सा जबरी! पुढील लेखनाला शुभेच्छा.

@तिरकस, फरक आहे. कागदावर तरी आहे. उडानमध्ये कंपनी बोली लावते: अमुक मार्ग मी चालवीन, त्यासाठी मला इतकी तूट भरून द्या. ती रक्कम म्हणजे व्हायबिलिटी गॅप फंडिंग. साधारण तासाभराच्या उड्डाणाला २५०० रुपयांची कमाल मर्यादा ठेवून सुरुवात झाली, आणि त्या दरात विमानातली ठरावीक आसनंच द्यायची, बाकीची बाजारभावाने. तुटीचा ८० टक्के वाटा केंद्राकडून, २० टक्के राज्याकडून; ईशान्येत ९०-१०. केंद्राचा पैसा येतो तो मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर लावलेल्या आकारातून. म्हणजे तुम्ही मुंबई-दिल्ली जाता तेव्हा नांदेडच्या माणसाचे थोडे पैसे तुम्ही भरता. राज्याने इंधनावरचा व्हॅट १ टक्क्यावर आणायचा, विमानतळाने उतरण्याचं भाडं घ्यायचं नाही. आणि तीन वर्षं त्या मार्गावर दुसरं कुणी येणार नाही याची हमी.

याच्या आधी १९९४ चं धोरण वेगळं होतं. खासगी कंपन्यांना म्हणायचं, मुंबई-दिल्ली उडवायचं असेल तर त्या क्षमतेच्या ठरावीक टक्के ईशान्य, काश्मीर, अंदमान, लक्षद्वीपलाही उडवा. त्याने गुवाहाटी, बागडोगरा, श्रीनगरला विमानं भरपूर झाली कारण तिथे मोठं जेट उतरतं. तेझूला कोण जाणार?

पण तिरकसराव, तुमचा संशय अगदीच फोल नाही. कॅगचा २०२३ चा अहवाल काढून बघा. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली. आणि मार्च २०२३ ला तीन वर्षांनंतरही टिकून होते फक्त ५४.

---

तिरकस

७७४ पैकी ५४. म्हणजे शंभरात सात. माझं काम तुम्हीच केलंत, धन्यवाद.

---

इंदापूरकर

वायुदूत म्हटलं की आमच्याकडे वेगळंच आठवतं. २३ सप्टेंबर १९८९ ला पुण्याहून हैदराबादला निघालेलं वायुदूतचं डॉर्निअर उजनी धरणाच्या पाण्यात कोसळलं. विमानातले ११ च्या ११ जण गेले. जुनी माणसं अजून त्या दिवसाबद्दल बोलतात.

---

रानवारा

@इंदापूरकर, हे लिहायला हवं होतं, बरं झालं तुम्ही लिहिलंत. त्याच्या आदल्या वर्षी, १९ ऑक्टोबर १९८८ ला, वायुदूतचं सिल्चर-गुवाहाटी फोकर गुवाहाटीजवळ पडलं, ३४ जण दगावले. त्याच दिवशी सकाळी अहमदाबादला इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ कोसळून १३३ माणसं गेली होती, त्यामुळे देशभर मथळा अहमदाबादचा झाला आणि गुवाहाटी खाली गेलं. छोट्या मार्गांवरचं काही मोजताना नेहमी असंच होतं, अपघातसुद्धा.

@तिरकस, शंभरात सात हे बरोबर, पण न सुरू झालेले ४०३ मार्ग का सुरू झाले नाहीत ते बघा. बऱ्याच ठिकाणी विमानतळच तयार नव्हता, काही ठिकाणी कंपनीकडे विमान नव्हतं. तिथे प्रवासी आहेत की नाहीत याची परीक्षाच झाली नाही.

---

खानदेशी

आमचं जळगाव घ्या ना. डिसेंबर २०१७ ला एअर डेक्कनचं १९ आसनी बीचक्राफ्ट मुंबई-जळगाव सुरू झालं. आम्ही खूश. नाशिकही त्याच सुमाराला. काही महिन्यांत गाडं अडखळलं आणि बंद पडलं, पुढे २०२० मध्ये कंपनीच बंद झाली. मग ट्रुजेट आली, तीही २०२२ च्या सुरुवातीला थांबली. आता तिसऱ्यांदा डाव मांडलाय.

आमच्या इथल्या व्यापाऱ्याला विमान हवंय ते मुंबईचं, सकाळी जाऊन रात्री परत यायला. केळी-सोन्याच्या धंद्यातली माणसं तिकिटाला रडत नाहीत. रडतात ते वेळेला. मुंबईला सकाळची उतरायची वेळ मिळतच नाही म्हणे. दुपारी दोनला मुंबईत पोचवून काय करायचं? त्यापेक्षा रात्रीची रेल्वे बरी की.

---

लोडशीट

@खानदेशी, हे अगदी मर्मावर बोट ठेवलंत. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढ-उतार करतात, त्याहून जास्त ताण बसत नाही. आता १९ माणसांचं विमान आणि १८० माणसांचं विमान, दोघांनाही चढ-उताराची एकच वेळ (स्लॉट) लागते. उलट लहान विमानाला जास्त वेळ लागतो, कारण ते हळू येतं, आणि मोठ्या विमानाच्या मागच्या भोवऱ्यातून वाचायला त्याला अंतर ठेवून आणावं लागतं. विमानतळ चालवणाऱ्याने कुणाला आधी जागा द्यावी तुम्हीच सांगा.

@रानवारा, तुम्ही एटीआर विमानाबद्दल लिहिलं नाहीत. वायुदूतनंतर या धंद्यात काही बदललं असेल तर ते एटीआरने. दोन पंखे, ७० च्या आसपास आसनं, आखूड धावपट्टीवर उतरतं. वजन २३ टनांच्या घरात. आणि हे वजन महत्त्वाचं, कारण ४० टनांखालच्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर कमी, ८० आसनांखालच्या विमानांना उतरण्याचं भाडं माफ. या सवलती उडानच्या आधीपासूनच्या.

कधी एटीआरमध्ये बसलात तर बघा. प्रवासी मागच्या दाराने चढतात, पुढे सामानाचा कप्पा. सगळे मागून चढत असताना विमान शेपटीवर बसू नये म्हणून शेपटीखाली एक टेकू लावलेला असतो. तो काढल्याशिवाय विमान हलत नाही, आणि तो काढला का हे बघायला एक माणूस असतो (तो एक माणूस म्हणजे मी). शिवाय मोठ्या विमानाच्या शेपटीत एक छोटं इंजिन असतं, जमिनीवर वीज आणि एसीसाठी. एटीआरमध्ये ते नसतं. मग उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकने धरून ठेवतात. त्याला हॉटेल मोड म्हणतात. छोट्या विमानतळावर जनरेटरची गाडी बंद पडलेली असते तेव्हा हाच आधार.

---

सावंतवाडीची_खेळणी

सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचा विषय कुणी काढतंय का म्हणून वाट बघत होते. ९ ऑक्टोबर २०२१ ला अलायन्स एअरचं मुंबई-सिंधुदुर्ग सुरू झालं. गणपतीत आमच्याकडे यायचं म्हणजे तेव्हा कोकण रेल्वेचं तिकीट चार महिने आधी किंवा महामार्गावर बारा-चौदा तास, त्यामुळे अप्रूप होतंच. ऑक्टोबर २०२४ मध्ये उडानची तीन वर्षं संपली आणि विमान थांबलं. तारीख बघा, बरोबर तीन वर्षं!

मला प्रश्न असा आहे की त्या तीन वर्षांत आम्ही प्रवासी कमी पडलो का? चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात कुणालाही विचारा. मागणी असते, पण वर्षातून दोन-तीनदा एकदम. जुलैत विमान कोण भरणार, बेडूक?

---

आकडेमोड

@सावंतवाडीची_खेळणी 😄 जुलैचा मुद्दा मान्य. तीन वर्षांच्या मुदतीमागे कल्पना अशी की तोवर बाजार तयार होईल आणि कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहील. काही मार्गांचं तसं झालंही. पण झिरोला किंवा पासीघाटला तीन वर्षांत काय बाजार तयार होणार? डोंगर तीन वर्षांत सपाट होत नाहीत. हे सरकारला ईशान्येत आधीच कळलेलं होतं: २००२ मध्ये नॉर्थ ईस्टर्न कौन्सिलने अलायन्स एअरच्या लहान एटीआरना तूट भरून देत तिथली सेवा चालवायला घेतली होती.

---

उत्तरध्रुव

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त उत्तर नॉर्वेत असतो. वायुदूतबद्दल पहिल्यांदाच वाचलं, धाग्याची खूण साठवून ठेवली. इथली गंमत सांगतो.

इथे विडेरो नावाची कंपनी आहे, १९३४ पासूनची. १९६८ मध्ये सरकारने हेल्गेलान्डच्या किनाऱ्यावर आणि आसपास चार आखूड धावपट्ट्या बांधल्या, जेमतेम ८०० मीटरच्या, आणि विडेरोने तिथे १९ आसनी ट्विन ऑटर सुरू केली. मग किनाऱ्याने वर वर अशा धावपट्ट्यांची माळच झाली. आज त्यांवर ३९ आसनी डॅश-८ उडतं. आपली लाल परी जशी दर फाट्याला थांबत जाते तसं हे विमान: उतरलं, चार माणसं उतरली, सहा चढली, पंधरा मिनिटांत पुन्हा हवेत. डायलिसिसला जाणारे आजोबा, शाळेचा फुटबॉल संघ, मासळीचे व्यापारी, सगळे त्यातच.

पैसा कसा? सरकार निविदा काढतं. त्यात लिहिलेलं असतं की अमुक मार्गावर दिवसाला इतकी उड्डाणं, इतकी आसनं, कमाल भाडं इतकं. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता आलं पाहिजे, हेही अटींत असतं (खानदेशी, ऐकताय ना). कंपनी सांगते, यासाठी आम्हाला वर्षाला एवढे पैसे लागतील. जो कमी मागेल त्याला कंत्राट. मुदत संपली की मार्ग बंद होत नाही, नवीन निविदा निघते. त्या मार्गाने कधीतरी नफ्यात यावं अशी कुणाची अपेक्षाच नाही.

---

तिरकस

नॉर्वेचं काय सांगता राव, जमिनीखालून तेल निघतं त्यांच्या. आम्हाला परवडणार आहे का?

---

उत्तरध्रुव

@तिरकस, समुद्राखालून. आणि त्यांचा पहिला मोठा तेलसाठा सापडला १९६९ च्या अखेरीस. चार धावपट्ट्या १९६८ च्या. तेव्हा हा मासे पकडणारा देश होता.

---

कोल्हापुरी_तडका

ते खरं, पण सगळं सरकारवर टाकून चालत नाही. आमच्या घोडावत समूहाने स्टार एअर काढली, जानेवारी २०१९ मध्ये पहिलं विमान बेंगळुरू-हुबळी. ५० आसनी एम्ब्रेअर जेट. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, नांदेड, असले मार्ग घेतले जिथे मोठ्यांचं लक्ष नव्हतं, आणि पुढे ७६ आसनी एम्ब्रेअर १७५ आणली. गोव्यातून मार्च २०२४ पासून फ्लाय९१ उडतेय, पुणे-सिंधुदुर्ग-जळगाव असल्या जोड्या लावत. सुरुवातीला आधार सरकारचा घ्यायचा, नंतर आपलं आपण.

उजळाईवाडीची आमची धावपट्टी पूर्वी १३७० मीटरची होती. ती वाढवली म्हणून हे सगळं आलं. मुंबईत वेळ नाही म्हणता, मग मुंबईचा हट्टच कशाला? कोल्हापूर-तिरुपती विमान भरून जातं, अंबाबाई आणि बालाजी दोघं मिळून भरतात ते. 😎

---

रानवारा

@कोल्हापुरी_तडका, तिरुपतीचा मुद्दा आवडला. दिल्ली-मुंबई सोडून दोन छोट्या शहरांना थेट जोडणं हे वायुदूतनेही केलं होतं, पण नंतर ते विसरलं गेलं. मात्र तुमच्या जेटला कोल्हापुरात जे जमतं ते झिरोत जमणार नाही, एवढं धरून चला.

आणि एक राहिलंच. १२ एप्रिल २०२२ ला अलायन्स एअरने दिब्रुगढ-पासीघाट मार्ग सुरू केला. विमान कुठलं? कानपूरला बांधलेलं डॉर्निअर २२८. पुढे तेझू आणि झिरोही जोडले. नागरी प्रवाशांसाठी भारतात बनलेलं विमान म्हणून बातम्या झाल्या. वायुदूतचं नाव फारच थोड्यांनी घेतलं. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे गेली तेव्हा अलायन्स मात्र सरकारकडेच राहिली, म्हणजे मालक सरकार, विमान कानपूरचं, गावं तीच. या वेळी तूट कोण भरणार ते लिहून ठेवलंय एवढाच फरक, आणि माझ्या मते तो लहान नाही.

@उत्तरध्रुव, एक विचारायचं होतं. तिकडे कंत्राट घेतलेल्या कंपनीने उड्डाण रद्द केलं तर काय होतं?

---

उत्तरध्रुव

हवामानामुळे रद्द झालं तर काही नाही, आणि हिवाळ्यात ते खूपदा होतं. पण कंपनीच्या चुकीने, म्हणजे विमान नाही, वैमानिक नाही अशा कारणाने ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त रद्द झालं तर मिळणाऱ्या रकमेतून कापून घेतात.

---

सावंतवाडीची_खेळणी

कापून घेतलेले पैसे आमच्या चाकरमान्यांना मिळत असतील तर उद्याच निविदा काढा म्हणावं.